आग्नेयेकडून येणारं चित्र

बीडकडून येताना गोदावरीचा पूल ओलांडला, शहागड मागे टाकलं, की धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री लागतं. तालुका अंबड, जिल्हा जालना. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा पट्टा, ऊस, कपाशी, मोसंबीच्या बागा आणि घराघरांवर छत्र्या. स्लॅबवर, पत्र्याच्या कडेला लोखंडी पाइपवर, एखाद्या जुन्या माळवदाच्या भिंतीत ठोकलेल्या. गच्चीवर चढून नीट पाहिलं तर ध्यानात येतं की या छत्र्या वाटेल तशा वळलेल्या नाहीत. सगळ्यांची तोंडं पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात आहेत. एका कंपनीच्या छत्र्या गावभर एकाच दिशेला बघतात, दुसऱ्या कंपनीच्या थोड्या वेगळ्या दिशेला.

कारण आकाशात आहे. विषुववृत्ताच्या बरोबर वर, जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीइतक्याच वेगानं फिरतो, त्यामुळे आपल्याला तो एका जागी टांगल्यासारखा राहतो. भारत सगळा विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आपल्या छत्र्यांना दक्षिणेकडे बघणं भाग आहे. डाव्या-उजव्या बाजूला किती वळायचं हे त्या उपग्रहाच्या रेखांशावर ठरतं. महिन्याच्या रिचार्जची गरज नसलेली डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये तो फ्रेंच गयानातल्या कुरू इथून सोडला गेला आणि ९३.५ अंश पूर्व रेखांशावर नेऊन ठेवला. वडीगोद्री आहे पावणेशहात्तर अंशांच्या आसपास. गणित मांडलं की उत्तर येतं: होकायंत्रावर १३६ अंश, म्हणजे जवळपास नेमकी आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची साठ अंशांना जराशी कमी. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशांवर, म्हणून त्यांच्या छत्र्या दक्षिणेकडे अधिक वळलेल्या. एअरटेलचा १०८.२ अंशांवर, म्हणून त्या पूर्वेकडे सरकलेल्या आणि मान खाली घातलेल्या.

आता छत्री बसवायला घेऊ. जागा अशी हवी की आग्नेयेला साठ अंशांच्या रेषेत निंबाची फांदी, पाण्याची टाकी किंवा शेजारचा मजला येऊ नये. झाड आज आड येत नसेल, पण दोन पावसाळ्यांनंतर येईल, तेही धरून चालावं. मग पाइप. इथं घाई करणारा पुढं दोन तास घालवतो. पाइप ओळंब्यात उभा हवा. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधून सोडला तरी चालतो, फक्त तो दोन बाजूंनी लावून बघायचा. पाइप तिरका असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलते आणि दोन्ही मापं एकदम हुकतात. उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या वादळात छत्री हलते ती बहुतेक वेळा तळाच्या बोल्टांमुळे, म्हणून ते सिमेंटमध्ये किंवा जाड रावळबोल्टांनी पक्के करावेत.

होकायंत्र मोबाइलमध्ये असतं, मात्र छत्री आणि पाइप लोखंडी असल्यानं त्यांच्यापासून चार पावलं दूर उभं राहून दिशा घ्यावी आणि समोरची एखादी खूण, टॉवर किंवा झाड, ध्यानात ठेवावी. उंचीच्या बाबतीत सगळ्यांनाच एक कोडं पडतं. उपग्रह साठ अंशांवर असताना छत्री तर जेमतेम पस्तीस अंश वर बघताना दिसते. घरगुती छत्री ही मोठ्या वाटीचा मधला भाग नसून कडेचा कापलेला तुकडा असते. त्यामुळे समोरच्या दांडीवरची लहरी पकडणारी डबी, म्हणजे एलएनबी, वरून येणाऱ्या लहरींच्या वाटेत येत नाही आणि छत्री दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. मागच्या पट्टीवर आकडे कोरलेले असतील तर त्यात हा फरक बहुधा आधीच धरलेला असतो.

सेट-टॉप बॉक्समध्ये एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल, ९७५० आणि १०६००, असा ठेवायचा. आकाशातून येणारी लहर सेकंदाला अकरा अब्जांहून जास्त वेळा थरथरते. इतकी वेगवान लहर साध्या केबलमध्ये टिकत नाही. एलएनबी तिच्यातून वरच्या दोन आकड्यांपैकी एक (मेगाहर्ट्झमध्ये) वजा करते आणि उरलेली संथ लहर तारेतून घरात पाठवते. त्याच तारेतून बॉक्स उलट दिशेनं एलएनबीला वीज पुरवतो: १३ व्होल्ट दिले की ती उभ्या थरथरीच्या लहरी घेते, १८ दिले की आडव्या. एकाच तारेत येणं-जाणं चालतं म्हणून तारेच्या टोकाच्या पिनेत बाहेरच्या जाळीचा एक केसही मधल्या तांब्याला टेकलेला चालत नाही. बऱ्याच ‘बिघडलेल्या’ बॉक्सचं मूळ या केसात असतं.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. पहिली पट्टी छत्री भिंतीकडे वळवली तरी थोडीफार भरलेली राहते, कारण ती नुसता आवाज मोजते, कुणाचा हे विचारत नाही. खरी पट्टी क्वालिटीची. छत्री बोटभर सरकवायची, थांबायचं, बॉक्सला दोन-तीन श्वास घेऊ द्यायचे, मग पुढं. एक अंश हुकला तर साडेछत्तीस हजार किलोमीटरवर ती चूक सुमारे ६४० किलोमीटरची होते आणि शेजारच्या ९५ अंशांवर डिश टीव्हीचा उपग्रह असतोच. क्वालिटी मिळाली की बोल्ट अर्धवट आवळावेत, एलएनबी तिच्या क्लिपमध्ये किंचित डावी-उजवी फिरवून पट्टी आणखी चढते का बघावं, मग पूर्ण आवळावं. आवळतानाच छत्री सरकते. म्हणून एकानं पान्हा धरावा आणि एकानं खिडकीतून पट्टी सांगत राहावं.

वर्षातून दोनदा सूर्य हे काम स्वतः करून दाखवतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या आरंभी, सकाळी अकराच्या सुमारास, वडीगोद्रीतून पाहिलं तर सूर्य त्या उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या वेळी नीट बसवलेल्या छत्रीवर पडलेलं ऊन एलएनबीच्या तोंडावर गोळा होतं. त्या चार-सहा मिनिटांत सूर्याची स्वतःची लहर उपग्रहाला झाकून टाकते आणि पडदा कोरा पडतो. त्या वेळी पान्हा उचलू नये, चहा घ्यावा.

साठ सेंटिमीटरच्या छत्रीवर हे सगळं निभावतं याचं मला अजूनही अप्रूप आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर देशात ‘साइट’ हा प्रयोग चालला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत थेट टीव्ही पोचवला गेला. त्या खेड्यांतल्या छत्र्या तारेच्या जाळीच्या आणि तीन मीटर रुंदीच्या होत्या, कारण त्या वेळची लहर ३५ सेंटिमीटर लांबीची होती. आजची पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि लहर आखूड झाली की तिला गोळा करणारी वाटीही लहान चालते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण प्रयोगाची व्यवस्था सांभाळणारे एकनाथ चिटणीस कोल्हापूरचे, आणि त्यात व पुढं इन्सॅट-१ उपग्रहांच्या कामात आघाडीवर असलेले प्रमोद काळे पुण्याचे. आखूड लहरीची किंमत मात्र पावसात मोजावी लागते. पाण्याचे थेंब तिला शोषतात, विखुरतात. जोराची सर आली की आग्नेयेकडचे ढग आधी बॉक्सला कळतात.

आणि मग पडदा फुटतो. पूर्वीच्या अँटेनाच्या काळात सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या आणि मुंग्यांमधूनही क्रिकेट दिसायचं. आता तसं होत नाही. चित्र एक तर स्वच्छ असतं, नाही तर चौकोनांत मोडतं. निवेदिकेचा गाल हिरवट ठोकळ्यांचा होतो, पुढच्या दृश्यातली बस तिच्या केसांतून सरकते, आकाशाचे निळे-करडे तुकडे गोठून बसतात. दोन सेकंद ते कशाचंच चित्र नसतं, आणि तरीही त्यात रंग असतात, कडा असतात, कधी कधी एक विलक्षण तोलही असतो. घरातले लोक बॉक्सवर थाप मारतात. मला वाटतं, त्या दोन सेकंदांत पडद्याकडे बघत राहावं, कारण चित्र कशाचं बनलेलं असतं ते बॉक्स तेव्हा उघड करतो.

साध्या टीव्हीचं एक चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे चार लाखांहून जास्त ठिपके, आणि अशी सेकंदाला २५ चित्रं. सगळे ठिपके जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला १६ कोटींहून अधिक बिट लागतील. प्रत्यक्षात एका वाहिनीच्या वाट्याला दोन-चार मेगाबिट येतात. हा चमत्कार घडवणारी युक्ती बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना सुचली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी तिच्यासाठी सरकारी अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. आज जगातल्या बहुतेक डिजिटल चित्रांच्या पोटात तीच युक्ती किंवा तिची भावंडं आहेत.

युक्ती अशी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. आपल्या चित्रात ते ६,४८० होतात. आता ६४ ठरावीक नमुने घ्यायचे. पहिला सपाट, एकाच छटेचा. दुसरा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला हळूहळू गडद होणारा. मग रुंद उभे पट्टे, रुंद आडवे पट्टे, अरुंद पट्टे, पट्ट्यांवर पट्टे, आणि शेवटी बारीक बुद्धिबळाचा पट. कुठलाही चौकोन, मग तो डोळ्याच्या बाहुलीचा असो की उसाच्या पानाचा, या ६४ नमुन्यांच्या मिश्रणातून तयार करता येतो. मिसळणाच्या डब्यातल्या पाच-सात वाट्यांतून घरातली प्रत्येक भाजी होते, तसंच. उपग्रहावरून भाजी येत नाही. कुठला मसाला किती, एवढंच येतं आणि शिजवण्याचं काम बॉक्स करतो. शिवाय आधीच्या चित्रातलं जे बदललेलं नाही ते तो तसंच ठेवतो, फक्त काय कुठे सरकलं एवढं विचारतो. पावसात यातले काही आकडे गळतात आणि बस केसांतून जाते.

आता या ६४ नमुन्यांकडे सुटं पाहा. त्यांत माणूस नाही, बैल नाही, घर नाही. उजेड, अंधार, त्यांची लय आणि दिशा, एवढंच आहे. जगातलं प्रत्येक दृश्य आधी ही मांडणी असतं आणि कशाचं तरी चित्र नंतर होतं. गणितज्ञ तिथं पोचण्याच्या साठ वर्षं आधी चित्रकार वेगळ्या वाटेनं तिथं पोचले होते. म्युनिकमध्ये राहणाऱ्या वासिली कांडिन्स्कीनं लिहून ठेवलं आहे की एका संध्याकाळी स्टुडिओत शिरताना भिंतीला टेकवलेलं एक अपूर्व सुंदर चित्र त्याला दिसलं, त्यातलं काहीच ओळखता येत नव्हतं. ते त्याचंच चित्र होतं, आडवं ठेवलेलं. वस्तू ओळखू आली की आपल्या चित्राचं नुकसान होतं, असं त्याला तेव्हा कळून चुकलं. १९१० च्या पुढच्या काही वर्षांत त्यानं वस्तू सोडत नेल्या. १९१५ मध्ये काझिमिर मालेविचनं पांढऱ्यावर काळा चौकोन टांगला, मोंद्रियान उभ्या-आडव्या रेषांपर्यंत आला. त्यांच्याही आधी, १९०६ पासून, स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंत हिनं अशी चित्रं रंगवली होती, पण जगाला ती फार उशिरा दिसली.

अशा अमूर्त चित्रासमोर उभं राहिलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘हे काय आहे?’ असा, आणि उत्तर नाही म्हटल्यावर त्याला फसवल्यासारखं वाटतं. हा माणूस अडाणी आहे असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शाळांतली मुलं एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसतात. त्यात वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं आणि संकल्पचित्रही असतं. दिलेल्या चौकोनात आकार बसवायचे, मोकळी जागा सांभाळायची, उष्ण रंगाला शीत रंगाचा शेजार द्यायचा. संकल्पचित्र तपासताना हे कशाचं चित्र असं कुणी विचारत नाही. तोल पाहतात, रंगसंगती पाहतात. ज्यानं तो कागद मन लावून रंगवला आहे त्याला अमूर्त चित्राच्या दारात कुणी हात धरून न्यायची गरज नाही. आत किती खोल जायचं, एवढाच प्रश्न उरतो.

आत सगळ्यात खोल गेलेला आपला माणूस म्हणजे वासुदेव गायतोंडे. जन्म २ नोव्हेंबर १९२४, नागपूर, कुटुंब मूळचं गोव्याचं, बालपण गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. पॉल क्लेच्या छोट्या, अक्षरांसारख्या आकारांच्या चित्रांनी ते आधी भारावले, मग हळूहळू आकारही गाळत गेले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९७२ मध्ये दिल्लीला स्थायिक झाले. निसर्गदत्त महाराज, रमण महर्षी आणि झेन हे त्यांचे वाचनातले सोबती. ते वर्षाला पाच-सहाच चित्रं करत. चित्र करणं म्हणजे बहुतांशी थांबणं होतं. रोलरनं पातळ रंगाचा थर द्यायचा, वाळू द्यायचा, पॅलेट नाइफनं खरवडायचा, त्यावर दुसरा थर, रंग लावलेले कागदाचे तुकडे दाबून उचलायचे, पुन्हा थर. कुठे खालचा रंग वर येतो, कुठे वरचा आत बुडतो. १० ऑगस्ट २००१ रोजी ते गेले तेव्हा फार थोड्यांना त्यांचं नाव माहीत होतं. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका कॅनव्हासला २३ कोटी ७० लाखांची किंमत आली आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, तेव्हा वर्तमानपत्रं जागी झाली. शंकर पळशीकरांच्या हाताखालून तयार झालेले प्रभाकर कोलते, अकोल्याचे आंबादास, असे आणखीही मराठी चित्रकार या वाटेवर आहेत आणि त्यांच्यावर मराठीत अजून पुष्कळ लिहायला हवं.

या दोन गोष्टी, उपग्रह आणि अमूर्त चित्र, एका इमारतीशी येऊन भेटतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी होमी भाभा यांनी समकालीन चित्रकारांची चित्रं निवडून विकत घेतली. त्यांत गायतोंडेही होते. हा शास्त्रज्ञ स्वतःही चित्रं काढत असे. हेच भाभा अणुऊर्जा विभागाचे प्रमुख, आणि त्याच विभागात १९६२ मध्ये विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती बसली, जिच्यातून पुढं इस्रो उभी राहिली. वडीगोद्रीच्या पाइपवरच्या छत्रीचा उगम शोधत मागे गेलं तर वाट गायतोंडे टांगलेल्या भिंतींच्या जवळून जाते.

गंमत वाटावी अशी गोष्ट यापुढं आहे. टीव्ही गायतोंडेंना दाखवू शकत नाही. मैदानातला चेंडू, आंदोलनातला चेहरा तो फार चांगला दाखवतो. २०२३ आणि २०२४ मध्ये शेजारच्या अंतरवाली सराटीत आणि वडीगोद्रीत आरक्षणाच्या प्रश्नावरची उपोषणं चालू असताना इथल्या रस्त्याची दृश्यं मुंबईच्या स्टुडिओत गेली, तिथून उपग्रहावर चढली आणि इथल्याच गच्चीवर परत उतरली. कुणाचा चेहरा ओळखायला काही अडचण आली नाही. चेहरा पोचतो आणि गायतोंडे पोचत नाहीत, याचं कारण ती आठ बाय आठची युक्ती काय टाकून देते यात आहे. ६४ नमुन्यांपैकी ठळक नमुन्यांचे आकडे काळजीनं जपले जातात, बारीक पोताचे आकडे आधी गोल केले जातात आणि मग शून्य होतात. डोळ्याला त्यांची उणीव जाणवत नाही, हा त्यामागचा हिशेब. चेहऱ्याच्या बाबतीत तो बरोबर आहे.

गायतोंडेंच्या कॅनव्हासवर नेमकं तेच शिल्लक असतं जे इथं शून्य होतं. खरवडलेल्या जागेचा खरखरीतपणा, दोन करड्या छटांमधला इंचभर लांबीचा उतार. टीव्हीच्या साध्या सिग्नलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकूण २२० पायऱ्या आहेत आणि आकडे गोल केल्यावर त्याही कमी होतात. गडद, संथ उतरत जाणारा रंग त्या पायऱ्यांवर बसवला की पट्टे दिसायला लागतात आणि पट्ट्यांत चौकोन. म्हणून माहितीपटात गायतोंडे पाहून ज्यांना काहीच वाटलं नाही त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. त्यांच्यापर्यंत चित्र पोचलंच नाही.

ते पाहायला जावं लागतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन प्रतिष्ठानचा संग्रह आहे, त्यात गायतोंडे आहेत. भिंतीवरची चित्रं बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. रीगलच्या चौकात राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. जवळच्या जवळ सुरुवात करायची तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातलं विद्यार्थ्यांचं प्रदर्शन चुकवू नये. चित्रासमोर गेल्यावर आधी कडा पाहाव्यात, कारण खालचे थर तिथं उघडे पडतात. मग बाजूनं, उजेड तिरका पडेल असं उभं राहून पोत पाहावा, आणि सगळ्यात शेवटी समोर, लांबून. घरच्यांना दाखवायला फोटो काढायचाच असेल तर पूर्ण चित्राचा एकच काढू नये. फोनमधला जेपेग फोटोही आठ बाय आठचेच चौकोन पाडतो आणि तेच आकडे टाकतो. परवानगी असेल तर एक कडेचा, एक खरवडलेल्या जागेचा, एक दोन छटा मिळतात तिथला, असे हातभर अंतरावरून काढलेले तुकडे न्यावेत. त्या अंतरावर पोत इतका मोठा दिसतो की फोनला तो टाकून देता येत नाही.